कबुतर, नळ आणि मार्च महिना

आज आपण एका आलेखाविषयी बोलणार आहोत. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांचा प्रबलनाच्या वेळापत्रकांवरचा १९५७ सालचा जाडजूड ग्रंथ अशा आलेखांनी भरलेला आहे.

प्रयोग साधा. पेटीत भुकेलं कबुतर, समोर एक चकती. चकतीवर टोच मारली की दाणा मिळतो. पण एकदा दाणा मिळाला की समजा पाच मिनिटं कितीही टोचा मारा, काही मिळत नाही. पाच मिनिटं उलटल्यावरची पहिली टोच दाणा आणते. याला स्थिर कालांतराचं प्रबलन म्हणतात. कागद एका गतीनं सरकत राहतो आणि प्रत्येक टोचेला लेखणी जराशी वर चढते. दाणा खाल्ल्यावर रेघ आडवी पडते, मग हळूहळू उठते, वेळ भरत आली की झपाझप चढते. शिंपल्याच्या कडेसारख्या कमानी दिसतात. उंदरांतही असंच घडतं.

इथवर आमचं काही म्हणणं नाही. प्रयोग नेटका आहे. भांडण आहे ते पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या परिच्छेदाशी. तिथे लिहिलेलं असतं की, विद्यार्थी वर्षभर पुस्तक उघडत नाही आणि परीक्षेच्या तोंडावर रात्री जागवतो, ती हीच कमान. १९७२ साली वाइसबर्ग आणि वॉल्ड्रॉप यांनी तर अमेरिकी काँग्रेसमध्ये मंजूर होणाऱ्या विधेयकांचा आलेख काढून तीत कमान दाखवली. आपल्याकडे कुणी मार्चअखेरच्या सरकारी बिलांचा काढला तर तीही दिसेल. लातूर पॅटर्नच्या मुलखात परीक्षेचं उदाहरण तर लगेच पटतं, आणि म्हणूनच ते तपासायला हवं.

कबुतराच्या पेटीत मधल्या टोचा फुकट जातात. चार मिनिटं स्वस्थ बसलेल्या कबुतराचं काहीच बुडत नाही, शेवटची एक टोच पुरते. विद्यार्थ्यानं जूनमध्ये केलेला अभ्यास फुकट जातो का? तो साठतो. आणि परीक्षेच्या दिवशी एकदाच पुस्तक उघडून भागतं का? नाही भागत. म्हणजे नियम निराळा. ती मुदत आहे, कालांतराचं प्रबलन नव्हे. मार्चअखेरही मुदतच. आपले नैयायिक याला उपाधी म्हणत. विस्तव आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असं नाही, मध्ये ओलं सरपण लागतं. दोन आलेख सारखे दिसले म्हणून कारण एकच, असं म्हणणाऱ्यानं सरपण तपासलेलं नाही.

मग खरं उदाहरण कुठलं? आपल्या दारातलं. ठरावीक दिवसांआड येणारं नळाचं पाणी. वेळेआधी तोटी कितीही फिरवा, घागर भरत नाही; वेळ झाल्यावर एकदा फिरवली की पुरे. हे मात्र पेटीच्या बरंच जवळ आहे. पाणी जातंही, हा एक फरक सोडा. पण नळ ज्या घरात येतो तिथली बाई काय करते? ती कबुतरासारखी दर घटकेला तोटी फिरवत नाही. कॅलेंडर बघते, शेजारणीला विचारते, ‘आज आपल्या गल्लीचा नंबर हाय का?’ आणि तोवर दुसरी कामं उरकते.

वेल्समधल्या बँगोरच्या फर्गस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हेच तपासलं. वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये जनावरांसारखी कमान दिसली. पाच-सहा वर्षांच्या मुलांमध्ये मात्र प्रौढांसारखा आलेख आला: कुणी सारखं बटण दाबत राहतं, कुणी वेळ भरेपर्यंत थांबून एक-दोनदाच दाबतं. मधल्या काळात मूल बोलायला, स्वतःला सांगायला शिकलेलं असतं. या कामाचं मोल आम्हाला फार वाटतं, कारण हे लोक प्रयोगशाळेबाहेरून टीका करणारे नव्हते. स्किनरच्याच पद्धतीनं त्यांनी ते दाखवलं.

बोलता येणारा प्राणी वेळापत्रकाचं वेळापत्रकही विचारतो. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली, १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हा रांगेतला माणूस नुसता थांबलेला नव्हता. इतके दिवस का, त्या भागाला आधी का, उसाला पाणी कुठून, असं तो विचारत होता. पाच मिनिटंच का, दोन का नाहीत, हे कबुतर विचारू शकत नाही. म्हणून पेटीतल्या आलेखात रेघ एकच असते, कबुतराची. घड्याळ लावणाऱ्याची रेघ कुणी काढत नाही. आपल्या गावाचा आलेख काढायचा तर व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याची आणि त्याला वेळ ठरवून देणाऱ्याची रेघही त्याच कागदावर लागेल.

पुढच्या व्याख्यानात स्किनरचा १९४८ चा कबुतरांच्या अंधश्रद्धेवरचा लेख घेऊ. त्यात तर टोच न मारताही दाणा मिळतो.