एकशे एकोणऐंशी अंशांचा त्रिकोण

आजचा विषय वरवर कोरडा वाटेल: उद्याच्या शिक्षकाला वर्गात तंत्रज्ञान वापरायला कसं शिकवावं? पण त्याच्या पोटात ज्ञानमीमांसेचा एक जुना प्रश्न आहे, म्हणून मी यात पडलो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्या अभ्यासक्रमात एक विषय आहे, 'क्रिटिकल अंडरस्टँडिंग ऑफ आयसीटी'. म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाची चिकित्सक समज. नाव अगदी योग्य आहे. पण मी जे पाहिलं, त्यात स्लाइड करणं होतं, फाइल जमा करणं होतं. चिकित्सा काही दिसली नाही.

जोडीला २००६ चं पुन्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांचं प्रतिमान शिकवतात. आशय, अध्यापन आणि तंत्रज्ञान, अशी एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं. त्यांचं म्हणणं असं, की ही तीन ज्ञानं एकत्र येतात तिथे शिक्षकाचं खरं काम असतं. पण आपण करतो काय? आकृती पाठ करून घेतो आणि तंत्रज्ञानाचा पेपर वेगळा ठेवतो. मग वर्तुळं एकमेकांना छेदणार कुठे?

एक प्रसंग सांगतो. एका सराव पाठाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. छात्राध्यापकाने जिओजेब्रावर त्रिकोण काढला. शिरोबिंदू ओढायचा, कोन बदलतात, बेरीज मात्र १८० च. मुलं खूश. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "सर, आता १७९ येतेय." पडद्यावर ५९, ६० आणि ६० होते. तो गडबडला, "थांब, परत ओढू या" म्हणाला आणि १८० येईपर्यंत ओढत राहिला.

आता बघा, खरे कोन ५९.४, ६०.३, ६०.३ असे काहीतरी असणार. संगणकाने दशांश गाळून पूर्णांक दाखवले, एवढंच. पण त्या मुलीने आख्ख्या तासातला सर्वांत मोलाचा प्रश्न विचारला होता, आणि तो पुसला गेला. तो मुलगा आळशी नव्हता. साधन चालवायचं कसं हे आपण त्याला शिकवलं होतं. साधनाला प्रश्न विचारायला शिकवलं नव्हतं.

चार्वाकांनी नैयायिकांना हेच विचारलं होतं. धूर आणि अग्नी कितीदा एकत्र पाहिले म्हणजे 'जिथे धूर तिथे अग्नी' हे सिद्ध होतं? शंभर त्रिकोण ओढले तरी तुम्ही शंभरच त्रिकोण पाहिले. सिद्धता हवी तर शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा, व्युत्क्रम कोन दाखवा. त्याला खडू पुरतो. हां, जिओजेब्रावर तीच रेषा काढून शिरोबिंदू ओढलात, तर त्रिकोण कसाही बदलला तरी व्युत्क्रम कोन सारखेच राहतात हे फार सुंदर दिसतं. म्हणजे साधन वाईट नाही.

कुणी म्हणेल, आधी हाताला सवय तर होऊ द्या. जरूर होऊ द्या. घरी संगणक नसलेल्या विद्यार्थ्याला तर ती हवीच. पण ती पहिली पायरी, मुक्काम नव्हे.

माझी सूचना साधी आहे. तंत्रज्ञान गणिताच्या, इतिहासाच्या, मराठीच्या अध्यापन पद्धतीतच शिकवा. आणि पाठ टाचणात दोन रकाने वाढवा: या साधनामुळे काय दिसेल, आणि काय झाकलं जाईल? दुसरा रकाना भरता आला, तर 'चिकित्सक' हा शब्द सार्थ झाला.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.