घरातील साक्षीदार : ‘स्मृतिचित्रे’ आणि धर्मनेत्याचे उत्तरदायित्व

धर्मनेत्याच्या चारित्र्याची पारख करणे हे साहित्यसमीक्षेचे काम नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु एखाद्या ग्रंथाची वाङ्मयीन थोरवीच जर अशा पारखीतून आकारास आली असेल, तर समीक्षेला तो प्रश्न टाळता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हा असा ग्रंथ आहे. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाची प्रशंसा आजवर मुख्यतः त्यातील निर्मळ विनोद, घरगुती भाषा आणि प्रांजळपणा यांसाठी झाली. ती यथार्थच आहे. मात्र हा प्रांजळपणा कोणाचा हिशेब मांडतो, याचा विचार त्या मानाने थोडा झाला.

हिशेब आहे तो नारायण वामन टिळकांचा. १८६१ मध्ये जन्मलेल्या या कवीने १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन, लेखन आणि धर्मोपदेश केला. ख्रिस्ती उपासनेला त्यांनी अभंगाची वाट खुली करून दिली. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेविली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठी ख्रिस्ती समाजातील इतका प्रभावी नेता, आणि त्याच्याविषयीची सर्वांत निर्भय साक्ष त्याच्या पत्नीने लिहिलेली, हा योगायोग नव्हे.

मराठी ख्रिस्ती गद्याला साक्षीची परंपरा होतीच. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे तिचे ठळक उदाहरण. अशा लेखनात निवेदक स्वतःच्या पूर्वायुष्यातील भ्रम सांगतो आणि सत्यप्राप्तीपाशी येऊन पोहोचतो. आरोपी, साक्षीदार आणि निवाडा सांगणारा असे तिघेही येथे एकच असतात. त्यामुळे कबुली कितीही प्रामाणिक असली, तरी काय कबूल करावयाचे याची निवड कबूल करणाऱ्याच्याच हाती राहते. ‘स्मृतिचित्रे’चा उगमही टिळकांच्या चरित्रासाठी पत्नीने पुरवावयाच्या आठवणींत आहे. पण लिहिता लिहिता चरित्राची सामग्री आत्मचरित्र झाली आणि नायकाशेजारी उभी असलेली व्यक्ती स्वतःच्या अधिकाराने बोलू लागली. साक्ष येथे प्रथमच नेत्याच्या हातून निसटली.

या बदलाचे महत्त्व ख्रिस्ती परंपरेतील एका जुन्या निकषाशी ताडून पाहावे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाची कसोटी त्याच्या घरावर लावलेली आहे. ज्याला स्वतःचे घर नीट चालविता येत नाही, तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेणार, असा तेथील युक्तिवाद आहे. परंतु त्या कसोटीत घर हे नेत्याच्या योग्यतेचे केवळ प्रमाण असते. घरातील माणसांना तेथे वाचा नाही. मुलांची आज्ञाधारकता पाहावी आणि बापाची योग्यता ठरवावी, एवढेच. लक्ष्मीबाईंनी ही कसोटी नाकारली नाही. तिला वाचा दिली. घर कसे चालले होते, हे ते चालविणाऱ्या बाईनेच सांगितले.

ती सांगते तेव्हा दोन गुण वेगळे होतात, जे आपण सहसा एकच मानतो. एक सचोटी, दुसरे उत्तरदायित्व. टिळकांच्या सचोटीविषयी ग्रंथात कोठेही संशय नाही. त्यांना धनाचा लोभ नाही, ढोंग नाही. पटले तेच ते आचरतात. पण पटले की लगेच आचरावयाचे, या वृत्तीचा भार कोणावर पडतो? हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन टाकणे हे औदार्य खरे. मात्र उद्याच्या पिठामिठाची चिंता त्या दानात सहभागी नसलेल्या बाईला करावी लागते. न सांगता घराबाहेर पडणे ही सत्यशोधकाची ओढ खरी. मात्र मागे वाट पाहणारे कोणी असते. बाप्तिस्म्याचा निर्णय सद्‌सद्विवेकबुद्धीचाच होता, पण त्याची किंमत म्हणून काही वर्षांची ताटातूट पत्नीच्या वाट्याला आली. १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या जातिभेदाविषयी स्वतः विचार करून. पतीच्या मागून फरफटत नव्हे. टिळक आपल्या देवाला सतत जाब देत होते. मिशनशीही ते झगडले, म्हणजे तेथेही देणेघेणे उघड होते. तिसरे खाते तेवढे कोणी मांडलेले नव्हते. ते या ग्रंथाने मांडले.

हे साधले कसे, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. लक्ष्मीबाई निवाड्याचे विशेषण जवळजवळ वापरीतच नाहीत. कृती सांगावी, तिचा परिणाम सांगावा आणि पुढच्या प्रसंगाकडे वळावे, अशी त्यांची रीत. टिळकांच्या संतापाचे प्रसंग त्या झाकीत नाहीत, आणि त्यामागून येणारा पश्चात्तापही झाकीत नाहीत. शिवाय स्वतःची फजिती त्या इतक्या मोकळेपणाने सांगतात, की दुसऱ्याची सांगण्याचा अधिकार त्यांना आपोआप मिळतो. ज्या पतीने अक्षरओळख करून दिली आणि लिहिण्यास उत्तेजन दिले, त्याचाच हिशेब त्याच लेखणीने लिहिला जावा, यात कृतघ्नता नाही. शिकविणाऱ्याचे ते सर्वांत मोठे यश आहे.

तरीही या साक्षीच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. ज्याचा हिशेब मांडला तो उत्तर देण्यास हयात नव्हता. विनोदाचे म्हणावे तर तो दुधारी आहे. वाचक हसतो आणि हसता हसता क्षमा करून मोकळा होतो. तक्रार पुरती ऐकण्यापूर्वीच खटला निकालात निघतो. ‘टिळक असेच होते’ हे लाडके वाक्य अनेक वाचकांच्या ओठी येते, आणि त्या वाक्यात त्यांचे सर्व अन्याय स्वभाववैशिष्ट्ये होऊन जातात. हा दोष ग्रंथाचा कमी, आपल्या वाचनाचा अधिक. लक्ष्मीबाईंनी क्षमा केली आहे यात शंका नाही. अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्यासाठी त्यांनी आपले उत्तरायुष्य वेचले. पण त्यांची क्षमा सर्व रकमा लिहून झाल्यावरची आहे. आपली क्षमा वही न उघडताच दिलेली असते.

धर्मसंस्थांतील नेतृत्वाच्या उत्तरदायित्वाची चर्चा आज मुख्यतः नियम, समित्या आणि लेखापरीक्षण यांच्या भाषेत होते. ती भाषा अवश्य हवी. पैशाचा अपहार किंवा अधिकाराचा गैरवापर तिच्यावाचून उघडकीस येत नाही. मात्र निर्लोभी, तळमळीच्या, प्रतिभावान नेत्यापुढे ती अपुरी पडते. कारण त्याच्या वहीत खोटी नोंद सापडतच नाही. त्याच्या त्यागाचा खर्च दुसऱ्याच कोणाच्या वहीत पडलेला असतो. ती दुसरी वही वाचावयास शिकविणारा ग्रंथ मराठीत आहे, आणि तो नेत्याला लहान न करता ते शिकवितो. टिळक त्यातून संत म्हणून नव्हे, जाब देण्यास पात्र असा माणूस म्हणून वर येतात. ज्या माणसाकडून काहीच अपेक्षा नसते त्याला कोणी जाब विचारीत नाही. लक्ष्मीबाईंनी तो विचारला, हाच टिळकांच्या मोठेपणाचा त्यांनी केलेला स्वीकार होय.