एका वचनाचे दोन आवाज

गाजलेले गीत दुसऱ्या कुणी पुन्हा गायले की आपल्याकडे लगेच निवाडा होतो : मूळचे अस्सल, नंतरची नक्कल. हा निवाडा सोपा आहे, पण तो गीताला न्याय देणारा नाही, असे आम्हांला वाटते. त्यासाठी अमेरिकेतील एका युगुलगीताचा प्रवास पाहण्यासारखा आहे.

त्या देशात कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांची यादी पूर्वी 'रेस रेकॉर्ड्स' अशा वंशवाचक नावाने वेगळी छापली जाई. १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' नियतकालिकाने ते नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केले. याच परंपरेतील मोटाउन कंपनी बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात उभी केली. १९६७ मध्ये तिने काढलेले 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' हे गीत निकोलस अ‍ॅशफर्ड आणि व्हॅलरी सिम्पसन या जोडीने रचले. गायक होते मार्विन गे आणि टॅमी टेरेल.

गीताचा आशय साधा आहे. तू हाक दे, मी येईन. डोंगर, दरी, नदी काहीच आड येणार नाही. तो एक ओळ म्हणतो, ती पुढची उचलते आणि ध्रुपदाशी दोघे एकत्र येतात. कव्वालीत मुख्य गायकाची ओळ साथीदार उचलून धरतात. ती सवय असलेल्या कानाला ही रीत परकी वाटणार नाही. गंमत अशी की टॅमीचा आवाज आधी एकटीचा मुद्रित झाला आणि मार्विनचा नंतर त्यात मिसळला. ऐकताना मात्र दोघे समोरासमोर उभे असल्याचाच भास होतो.

ऑक्टोबर १९६७ मध्ये व्हर्जिनियातील एका कार्यक्रमात टॅमी गाता गाता मार्विनच्या हातांत कोसळली. तिच्या मेंदूत गाठ निघाली. १६ मार्च १९७० रोजी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती गेली.

त्याच वर्षी डायना रॉसने हे गीत एकटीने गायले. निर्मिती मूळ रचनाकारांचीच होती. त्यांनी मोठा वाद्यवृंद आणि समूहस्वर घेतले, बऱ्याच ओळी गाण्याऐवजी बोलायला लावल्या आणि ओळखीचे ध्रुपद शेवटापर्यंत रोखून धरले. तो कळस आधीच यावा, असे गॉर्डींचे मत होते. रचनाकार बधले नाहीत. सहा मिनिटांचे हे गीत सुटी तबकडी म्हणून छोटे करून निघाले आणि सप्टेंबर १९७० मध्ये बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत पहिले आले. मूळ युगुलगीत त्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले होते.

रॉसने हे टॅमीसाठी गायले, असा दावा आम्ही करत नाही. पण दोघांपैकी एक आवाज निघून गेला की वचनाचा अर्थ बदलतो, हे तिचे गाणे ऐकताना जाणवते. समोरून होकार येत नाही, म्हणूनच ती बोलत राहते. १९८१ मध्ये 'इनर लाइफ' या संचासाठी जोसलिन ब्राउनने तेच गीत नृत्याच्या ठेक्यावर नेले. तिथे विरहाची जागा उत्सवाने घेतली. मायकल मॅकडोनाल्डच्या २००३ च्या गायनात सफाई पुरेपूर आहे, पण समोर कुणी असल्याची किंवा नसल्याची चाहूलच लागत नाही.

आमची कसोटी तेवढीच आहे. आवाज मूळ गायकाशी किती जुळला, याला फारसे महत्त्व नाही. युगुलगीत एकट्याने गाणाऱ्याला दुसऱ्याच्या रिकाम्या जागेची जाणीव आहे की नाही, हे पाहावे. ती असेल तर अशा गायनाला नक्कल म्हणणे अन्यायाचे ठरेल.