कुंपण उजव्या हाताला ठेवून

पुस्तक न वाचताही त्याचं परीक्षण लिहिता येतं, असं माझे एक प्राध्यापक स्नेही नेहमी सांगतात. मला ती विद्या साधलेली नाही. आज ज्या पुस्तकाबद्दल लिहायला बसलो आहे ते मी नुसतं वाचलेलं नाही, तर चाललेलं आहे. पुरावा म्हणून डाव्या टाचेवरचा फोड दाखवू शकेन.

तसं पाहिलं तर ते पुस्तकही नव्हे. जेमतेम चाळीस पानांची पुस्तिका. इंग्लंडच्या बकिंगहॅमशर परगण्यातल्या चिल्टर्न टेकड्यांमधून, शेतांतून आणि रानांतून पायी हिंडण्याच्या बारा वाटा तीत सांगितल्या आहेत. आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी मुलीकडे गेलो होतो. मुलीच्या संसारात राहणं म्हणजे काय, हे गेलेल्यांना सांगायला नको. दिवा लावताना 'लावू का गं?', खिडकी उघडताना 'उघडू का गं?', आणि धुतलेलं पातेलं हातात धरून पंधरा कपाटांसमोर उभं राहायचं. तिसऱ्या आठवड्यात मी सोफ्यावरसुद्धा अगदी कडेला बसायला लागलो. तेव्हा मुलगीच म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि आई जरा बाहेर फिरून या बघू," आणि ही पुस्तिका तिनं माझ्या हातात ठेवली.

समीक्षक प्रथम शैली पाहतो. मीही पाहिली. पहिल्याच ओळीत हुकूम होता, स्टाइल ओलांडून पलीकडे जा! मी चपापलो. लेखकानं आरंभीच शैलीच्या पलीकडे जाण्याची भाषा करावी, हे जरा अतीच झालं. मागाहून कळलं की स्टाइल म्हणजे कुंपणावरून पलीकडे उतरायची लाकडी पायरी. माणूस चढून जातो, गुरं अलीकडे राहतात. शैलीची इतकी नेमकी व्याख्या मी आपल्या समीक्षेत तरी वाचलेली नाही.

पुढच्या पानावर किसिंग गेट लागतं. हे नाव मी हिला मोठ्यानं वाचून दाखवलं नाही, नुसतं 'फाटक' म्हणालो. कुंपणाच्या अर्धगोलात एक झडप हलते आणि दोन्ही बाजूंना नुसती टेकते, म्हणून ते नाव. एका वेळी एकच माणूस त्यातून सुटतो, गाय सुटत नाही. एका फाटकात ही आत आणि मी बाहेर असे आम्ही बराच वेळ एकमेकांना वाट देत होतो.

या पुस्तिकेला नायक नाही. 'तुम्ही' हेच एकमेव पात्र, आणि क्रियापद सदैव आज्ञार्थी. कुंपण उजव्या हाताला ठेवून टोकापर्यंत जा. दोन ओकांच्या मधून डावीकडे वळा. पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा, निळा घोडेस्वारांनाही चालतो. एवढंच. वसंतात तिथल्या बीच वृक्षांच्या रानात जमीन दिसू नये इतकी निळी ब्लूबेलं फुलतात. आपला लेखक असता तर तिथं तीन पानं बसला असता. हा गृहस्थ म्हणतो, वाट सोडू नका. इंग्लंडमधून नाहीशा झालेल्या लाल घारी १९८९ ते १९९४ च्या दरम्यान स्पेनहून आणून इथं सोडल्या. आज त्या डोक्यावर अशा डौलात तरंगतात, की यांचे पणजोबा इथलेच वतनदार असावेत. त्यांच्यावर पुस्तिकेत दोन शब्द आहेत: वर पाहा.

या वाङ्मयप्रकाराचा बादशहा म्हणजे आल्फ्रेड वेनराइट. हा केंडल गावच्या नगरपालिकेचा खजिनदार. लेक डिस्ट्रिक्टमधल्या २१४ डोंगरांवर त्यानं १९५५ ते १९६६ या काळात सात पुस्तकं काढली. मजकूर आणि चित्रं सगळी स्वहस्ते, आणि छापलीही तशीच. जन्मभर खातेवहीत डोकं घातलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस आपला वाटावा यात नवल नाही. पण वेनराइट पानोपानी भेटतो, त्याच्या आवडीनिवडी, त्याची चिडचिड दिसते. माझ्या पुस्तिकेचा कर्ता एकदाही दिसत नाही. तो पुढं जाऊन फाटक उघडून धरतो आणि बाजूला होतो.

दोष नाहीत असं नाही. 'थोड्याच वेळात' हा त्याचा लाडका शब्द. ज्याचे गुडघे तिशीतले आहेत त्याचा थोडा वेळ आणि आमचा थोडा वेळ यांत एक थर्मास चहा बसतो. 'सौम्य चढ' यावर हिचं मत मी इथं देत नाही. 'चिखल असू शकेल' याचा अर्थ चिखल आहे. शिवाय खुणा नाशवंत. 'पांढऱ्या फाटकापाशी वळा' म्हणावं तर मालकानं मधल्या काळात फाटक हिरवं केलेलं.

पण खरा दोष मला चौथ्या वाटेवर सापडला. तिथं लिहिलं होतं, शेत तिरपं ओलांडा. समोर पाहिलं तर गुडघाभर गहू. मधून एक पाऊलवाट गेलेली दिसत होती, पण ही जागच्या जागी थांबली. "अहो, उभ्या पिकातून पाय कसा घालायचा? पाप लागेल." मलाही ते पटलं. माझ्या आजोबांनी असल्या गुन्ह्यासाठी माझा कान पिळलेला आठवतो. तेव्हा आम्ही सभ्य माणसासारखे बांधाच्या कडेकडेनं, वहाणा सांभाळत, चोरासारखे निघालो. अर्ध्यावर ट्रॅक्टर आला. शेतकरी खाली उतरला. मी तोंडातल्या तोंडात माफीची वाक्यं जुळवू लागलो. तो शांतपणे म्हणाला, "वाट मधून आहे. मधून जा. ही कड माझी आहे."

म्हणजे भिडेपोटी आम्ही जिथून चाललो होतो ती घुसखोरी, आणि ज्याला पाप समजत होतो तो आमचा हक्क! रात्री जावयानं सगळं उलगडून सांगितलं. पीक पेरलं तरी अशी शेतातली वाट शेतकऱ्यानं निदान १ मीटर रुंद मोकळी ठेवायची, असा कायदा आहे. लोक वीस वर्षं उघडपणे, बिनपरवानगी, बिनअडथळा चालत राहिले, तर सहसा ती वाट सार्वजनिक मानतात. हे काही आभाळातून पडलेलं नाही. १९३२ साली डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो तरुण ठरवून चढले, बहुतेक कामगार. तिथली माळरानं शिकारीसाठी राखलेली. दंगलीसारख्या आरोपांखाली पाच जण तुरुंगात गेले. पुढं १९४९ च्या कायद्यानं परगण्यांना आपापल्या सार्वजनिक पायवाटांचे नकाशे करायला लावलं. त्या नकाशावरच्या रेषा म्हणजे माझ्या पुस्तिकेतल्या बारा वाटा. 'शेत तिरपं ओलांडा' हे नीरस वाक्य असं कष्टानं कमावलेलं आहे.

मग पुस्तिकेनं हे पहिल्या पानावर सांगायला नको? इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, कबूल. तो ते आईच्या दुधाबरोबर पितो. पण ज्याला आयुष्यभर 'येऊ का?' विचारायची सवय आहे, ज्याच्या पासपोर्टावर सहा महिन्यांचा शिक्का आहे, त्याला कोण सांगणार? 'पब्लिक फुटपाथ' या पाटीतल्या 'पब्लिक'मध्ये आपणही आहोत, हे मला बासष्ट वर्षांचा झाल्यावर एका ट्रॅक्टरवाल्यानं शिकवलं.

बारावी वाट ८७ मैलांच्या रिजवे या लांबलचक वाटेचा एक तुकडा आहे. ती चेकर्सवरून जाते. १९२१ पासून हे ब्रिटनच्या पंतप्रधानांचं खेड्यातलं निवासस्थान. वाट जवळून जात असेल असं मला वाटलं होतं. ती जवळून जात नाही, थेट पंतप्रधानांच्या बंगल्याकडे जाणारा खाजगी रस्ता ओलांडून जाते. बाजूला सक्त ताकीद, वाट सोडून आत शिरणं हा गुन्हा. वर कॅमेरे. पण वाटेवर? वाटेवर पिवळा बाण, आणि पलीकडे तसंच एक फाटक.

ही थांबली. "अहो, कुणाला विचारायला नको का?"

"नको," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी गेल्या दोन महिन्यांत काही बोललो नव्हतो. आम्ही पंतप्रधानांचा रस्ता ओलांडला. मध्यावर मी बुटाची नाडीही बांधली. तशी गरज नव्हती.

सारांश, पुस्तिका वाचनीय आणि चालनीय आहे. उणीव एका वाक्याची. परत निघण्याच्या आदल्या रात्री मी ते पहिल्या पानावर पेन्सिलीनं मराठीत लिहिलं: 'वाट तुमचीही आहे, मधून चाला.' आमच्यामागून नागपूरचे व्याही-विहीणबाई यायच्या होत्या. मागच्या कोऱ्या पानावर जागा उरली होती, म्हणून त्यांच्यासाठी एक तेरावी वाटही घातली:

'दारातून आत आल्यावर फ्रिज उजव्या हाताला ठेवून तीन पावलं सरळ जा. डावीकडून चौथं कपाट उघडा. चहा-साखर तिथं आहे. विचारायची गरज नाही.'