अ‍ॅबिलीनच्या निवाड्यांतील कलम २२

लुइझियानांतून आणविलेल्या सरकीचें भाडें अवाजवी घेतलें, म्हणून अ‍ॅबिलीन कॉटन ऑइल कंपनीनें टेक्सस अँड पॅसिफिक रेल्वेवर टेक्सस संस्थानच्या न्यायालयांत १,९५१ डॉलर ८३ सेंटांचा दावा लाविला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो १९०७ सालीं फेटाळला. न्या. व्हाइट यांचें म्हणणें, दराचा वाजवीपणा आधीं आंतरराज्य वाणिज्य आयोगानेंच ठरवावा. नाहींतर न्यायालयागणिक दर निराळे होतील. हेतु रास्त खरा. परंतु १८८७ च्या कायद्याचें कलम २२ जुने उपाय स्पष्ट शब्दांनीं राखून ठेवतें. त्याचा अक्षरशः अर्थ केल्यास कायदा आत्मघातकी ठरेल, एवढ्यावरच त्याची बोळवण झाली आहे. टीकाकाराचा अभिप्राय मूळ पाठांत घुसावा, तशांतलाच हा प्रकार. व्यापाऱ्यास मात्र घरचें न्यायालय सोडून वॉशिंग्टनची वाट धरावी लागली.