नोंदीची अचलता आणि नोंदीचे सत्य : कोल्हापुरी चपलेच्या संदर्भात कृत्रिम बुद्धिमत्ता व ब्लॉकचेन यांच्या संयोगाची चिकित्सा

प्रस्तावना :

कृत्रिम बुद्धिमत्ता व ब्लॉकचेन यांच्या संयोगाविषयीच्या लेखनात एक गृहीतक वारंवार आढळते. पहिले तंत्र निर्णय घेईल आणि दुसरे त्या निर्णयास विश्वासार्हता देईल, असे ते गृहीतक होय. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या महाअ‍ॅग्री-एआय धोरणातही शेतमालाचा मूळ स्रोत शोधण्यासाठी ब्लॉकचेनचा विचार झाला आहे. हे गृहीतक एखाद्या ठोस वस्तूवर तपासून पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी कोल्हापुरी चप्पल निवडली आहे.

कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे त्यात समाविष्ट आहेत. महाराष्ट्राचे लिडकॉम व कर्नाटकाचे लिडकर ही दोन चर्मोद्योग महामंडळे या मानांकनाची नोंदणीकृत धारक आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तत्सम पादत्राणे सादर केली, तेव्हा या मानांकनाची देशभर चर्चा झाली. त्यानंतर लिडकॉमने चपलेस क्यूआर संकेत जोडण्याची व्यवस्था जाहीर केली. संकेत वाचताच कारागिराचे किंवा उत्पादन केंद्राचे नाव, ठिकाण, कच्चा माल व मानांकनाची वैधता कळावी, अशी ती योजना आहे. या संकेतामागे ब्लॉकचेन असावी आणि चपलेची पारख छायाचित्रावरून यंत्राने करावी, हा पुढचा टप्पा सहज सुचणारा आहे. प्रश्न त्याच्या उपयुक्ततेचा आहे.

ब्लॉकचेनची मर्यादा :

ब्लॉकचेन ही अनेक ठिकाणी एकाच वेळी जतन केलेली, मागील पानात खाडाखोड करता न येणारी नोंदवही होय. नोंद नंतर बदलली नाही, एवढीच हमी ती देते. नोंद मुळात खरी होती, अशी हमी ती देत नाही. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर नोंदविण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. तेथे या तंत्राचा उपयोग समजण्यासारखा आहे. प्रमाणपत्र हा स्वतःच दस्तऐवज असतो. त्याचा अंकीय ठसा जुळला की बनावटीचा संशय मिटतो. चप्पल ही मात्र वस्तू आहे. अस्सल जोडाचा संकेत काढून नकली जोडास लावला, तर नोंदवही निष्कलंक राहील आणि ग्राहक फसेल.

यंत्राच्या पारखीची मर्यादा :

ही त्रुटी कृत्रिम बुद्धिमत्ता भरून काढील, असे उत्तर दिले जाते. परंतु छायाचित्रात दिसते काय? पट्टा, अंगठा, कान, वेणी व रंग. नकली माल बनविणारा नेमके याचेच अनुकरण करतो. अस्सल कोल्हापुरीचे मर्म बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्यात आणि चामड्याच्याच वादीने हाताने घातलेल्या शिवणीत आहे. ते बोटांना व नाकाला कळते, छायाचित्राला फारसे कळत नाही. उलट कापशी, पुकारी, बक्कलनाळी असे प्रकार आणि प्रत्येक हाताची निराळी ढब यांमुळे अस्सल जोडच नमुन्याबाहेरचा ठरण्याचा धोका आहे. यंत्राचा निर्णय संभाव्यतेवर आधारलेला असतो. तो अचल नोंदवहीत गेला की अंदाजास प्रमाणाचा दर्जा प्राप्त होतो. दोन तंत्रांच्या संयोगातून एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. ती कायम होते.

कारागिराचे नाव :

याहून गंभीर प्रश्न नावाचा आहे. चप्पल ही बहुधा एका हाताची निर्मिती नसते. चामडे कमावणारा वेगळा, तळ कापून शिवणारा वेगळा; वेणी व नक्षीचे काम पुष्कळदा घरातील स्त्रिया करतात. नोंदवहीत नावासाठी एकच रकाना असेल, तर तो कुटुंबप्रमुखाच्या किंवा दुकानदाराच्या नावाने भरला जाईल आणि स्त्रियांच्या श्रमाची अनुपस्थिती कायमची प्रमाणित होईल. शिवाय या व्यवसायात व्यवसायाची नोंद ही बहुतेकदा जातीचीही नोंद ठरते. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने व्यक्तीस आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व खोडून घेण्याचा हक्क दिला आहे. न खोडता येणाऱ्या वहीत कारागिराचे नाव व पत्ता लिहिणे या हक्काशी विसंगत आहे. नाव स्वतंत्र, दुरुस्त करता येणाऱ्या दप्तरात असावे आणि साखळीत केवळ त्याचा अंकीय ठसा असावा.

संयोगाचे योग्य क्षेत्र :

याचा अर्थ ही तंत्रे निरुपयोगी आहेत असा नव्हे. दोन राज्यांची दोन महामंडळे एकाच मानांकनाची धारक आहेत. कोणा एकाच्या ताब्यात नसलेली सामाईक नोंदवही येथे खरोखर उपयोगी पडेल. भौगोलिक मानांकन अधिनियम, १९९९ नुसार अधिकृत वापरकर्त्यांची नोंद नोंदवहीच्या 'ब' भागात होते. साखळीचा आरंभ तेथून व्हावा. कृत्रिम बुद्धिमत्तेने चपलेची पारख करण्याऐवजी नोंदींची विसंगती शोधावी. हाताने जोड बनविणाऱ्या एका घराच्या नावे दिवसाला शेकडो संकेत निघत असतील, किंवा एकच संकेत एकाच दिवशी दूरदूरच्या शहरांत वाचला जात असेल, तर यंत्राने सूचना द्यावी. निर्णय मात्र जाणकार कारागिरांच्या समितीने प्रत्यक्ष जोड हातात घेऊन करावा.

निष्कर्ष :

ब्लॉकचेन स्मृती देते, कृत्रिम बुद्धिमत्ता संशय व्यक्त करते. साक्ष देणे ही दोहोंच्याही कक्षेबाहेरची गोष्ट आहे. ती साक्ष कारागिराची आहे. म्हणून अशा कोणत्याही व्यवस्थेचे मूल्यमापन करताना पहिली नोंद कोणी केली, कोणाच्या नावे केली आणि ती चुकली तर दाद कोठे मागावयाची, हे तीन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत चपलेवरील संकेत ग्राहकाचे समाधान करील, पण वेणी विणणाऱ्या हातांना त्यातून न्याय मिळेलच असे म्हणता येणार नाही.