यंत्र, फुरसत आणि मनगटावरचे घड्याळ

गेल्या काही वर्षांतील मराठी ललित लेखन, रविवारच्या पुरवण्या आणि दिवाळी अंक चाळले तर एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. मोबाइलने घर गिळले. आपली झोप, आवडनिवड, दुखणेखुपणे सारे कंपन्यांना कळते आणि ते विकून त्या नफा कमावतात. माणूस माणसाशी बोलेनासा झाला. ही तक्रार खोटी नाही. परंतु ती कोणाच्या जीवनातून आली आहे आणि कोणाचे जीवन तिने वगळले आहे, हे समीक्षेने तपासले पाहिजे. ते तपासले जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

यंत्राविषयीची ही व्यथा मराठी साहित्याला नवी नाही. बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ साली आला आणि यंत्रयुगात चिरडलेला माणूस हा नवकाव्याचा विषय झाला. मर्ढेकरांचे कवी म्हणून असलेले मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. पण नंतरच्या समीक्षेने हा एक माणूस अखिल मानवजातीचा प्रतिनिधी ठरवून टाकला. त्याच्या कितीतरी आधीपासून गावकुसाबाहेरचा माणूस मुंबईच्या गिरण्यांत, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, रेल्वेच्या कारखान्यांत शिरत होता. भोंगा वाजला म्हणजे आत्मा हरवतो, असे त्याला वाटले नाही. महिन्याकाठी रोख पगार मिळेल, पाटलाच्या दारात उभे राहून भाकरी मागावी लागणार नाही, एवढे त्याला कळले. त्यामुळे यंत्राविषयीचा पांढरपेशा शोक दलित साहित्याने वारसा म्हणून स्वीकारला नाही, हे योग्यच झाले.

या भूमिकेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांचे भक्कम अधिष्ठान आहे. १९०९च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये गांधीजींनी यंत्राला पाप ठरवले. 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या १९४५च्या ग्रंथात बाबासाहेबांनी त्या विचाराची झडती घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : यंत्रापासून अनिष्ट परिणाम झाले असतील, पण दोष यंत्राचा नाही, खाजगी मालमत्ता आणि वैयक्तिक नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा तो दोष आहे. पशूला पोटापलीकडे जीवन नसते. माणसाला मन आहे, आणि मनाच्या वाढीसाठी फुरसत लागते. ती फुरसत यंत्रच देऊ शकते. म्हणून उपाय यंत्र मोडण्याचा नसून समाजरचना बदलण्याचा आहे.

या विवेचनातून आपल्याला एक कसोटी मिळते. कोणतेही यंत्र समोर आले की विचारावे : याने फुरसत कोणाची वाढली आणि कोणाची हिरावली?

यंत्र आले म्हणजे जात आपोआप जाते, असा भाबडा समज बाबासाहेबांचा कधीच नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार अधिक होता. पण तेथे धोट्यातील कांडी बदलली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. सवर्ण कामगाराला अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा चालत नव्हता. म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेशच नव्हता. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. यंत्र विलायतेहून आले होते, मनुस्मृती येथलीच होती, आणि गिरणीच्या छपराखाली दोघांचे बरे जमले होते.

आज धोट्याची जागा कशाने घेतली आहे? गेल्या दशकाच्या अखेरीस नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. हरियाणातील पंचकुला आणि चंदीगड येथेही अशी घड्याळे आली. कामगार ठरलेल्या हद्दीत आहे की नाही, तो किती चालला, कोठे थांबला, हे कार्यालयातील पडद्यावर दिसते. झाडाखाली पाणी प्यायला बसणे हीदेखील नोंद होते आणि तिची भीती पगाराशी जोडलेली असते. पंचकुल्यातील घड्याळांत कॅमेराही होता. ते हातात घालून शौचालयात कसे जायचे, हा तेथील स्त्रियांचा प्रश्न होता. चंदीगडच्या कामगारांनी २०२० साली या घड्याळांविरुद्ध निदर्शने केली. ज्या शहरातील दीक्षाभूमीवर १९५६ साली लाखो माणसांनी माणूसपणाची दीक्षा घेतली, त्याच शहरात झाडूवाल्याच्या हाताला हे घड्याळ बांधले गेले, याची खंत आपल्या साहित्यात कितीशी उमटली?

आता याच्या शेजारी दुसरे यंत्र ठेवून पाहा. केरळातील तरुण अभियंत्यांनी गटार साफ करणारे 'बँडिकूट' नावाचे यंत्र तयार केले आणि २०१८ साली ते तिरुवनंतपुरमला वापरात आले. म्हणजे माणसाला गटारात उतरवण्याचे तांत्रिक कारण उरलेले नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा अधिक कडक कायदा आहे. गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरीही २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसे मेली, असे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. 'नमस्ते' योजनेखाली अशा सुमारे ३८ हजार कामगारांची नोंदणी झाली, तेव्हा त्यांतले जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले.

माणसाचा जीव वाचवणारे यंत्र गल्लीपर्यंत पोहोचायला वर्षे लागतात. त्याच्यावर पाळत ठेवणारे यंत्र मात्र मनगटापर्यंत झटपट पोहोचते. याचे कारण तंत्रात सापडणार नाही, हिशेबात सापडेल. गटारातील मजूर स्वस्त आहे, कारण जातीने तो स्वस्त करून ठेवला आहे. त्याच्या जागी यंत्र आणणे कंत्राटदाराला परवडत नाही. पाळतीतून मात्र कंपनीला कंत्राट मिळते आणि अधिकाऱ्याला पगार कापण्याचा पुरावा मिळतो. आंबेडकरी विचाराला अपेक्षित असलेली फुरसत या व्यवहारात वजाबाकीला जाते.

या व्यवहाराची एक भाषा आहे, आणि भाषा हा तर समीक्षकाचा प्रांत. मुंबईत कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना कागदोपत्री 'स्वयंसेवक' म्हटले गेले, म्हणजे त्यांना कामगाराचे हक्क द्यायला नकोत. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला. आज ॲपवाल्या कंपन्या राबणाऱ्याला 'पार्टनर' म्हणतात. हा असा भागीदार की ज्याला दर ठरवता येत नाही, हिशेब पाहता येत नाही, आणि गिऱ्हाइकाने तारे कमी दिले तर ज्याचे काम बंद होते. २०२१ साली गुरगावमध्ये 'अर्बन कंपनी'च्या स्त्री कामगारांनी धरणे धरले, तेव्हा कंपनी आपल्याच 'भागीदारां'विरुद्ध न्यायालयात गेली. याच कंपनीने २०२५च्या मार्चमध्ये मुंबईत पंधरा मिनिटांत मोलकरीण पाठवणारी सेवा सुरू केली. तिच्या इंग्रजी नावात सरळ मोलकरीण हाच शब्द होता. टीका झाल्यावर नाव बदलून त्यात 'मदत' हा शब्द घातला. काम तेच राहिले. अस्पृश्यांना नवी नावे देऊन जुनी कामे करायला लावण्याचा खेळ आपण चांगला ओळखतो. बलुत्याला निदान बलुते म्हणत. येथे तर वेठीलाच भागीदारी म्हणण्याची सोय झाली आहे.

मध्यमवर्गाला सध्या खाजगीपणाची चिंता आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, ही मोठीच गोष्ट झाली. पण सार्वजनिक नळावर आंघोळ करणाऱ्या आणि शौचालयाच्या रांगेत पहाट काढणाऱ्या वस्तीला हा हक्क कधी मिळालाच नव्हता. गमावण्याचा प्रश्नच कोठे येतो? तो आपला विषय नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. कॅमेरा बांधलेल्या हातानिशी शौचालयात जाणाऱ्या सफाई कामगार स्त्रीइतका या हक्काचा दावेदार दुसरा कोण आहे? खाजगीपणाची चर्चा तिच्यापासून सुरू झाली पाहिजे.

आपल्या साहित्यात या नव्या वास्तवाची चाहूल लागलीच नाही, असे नाही. अरुण काळे यांच्या 'नंतर आलेले लोक' (२००६) या संग्रहाने जागतिकीकरणाच्या बाजारात उशिरा पोहोचलेल्या माणसाचा प्रश्न मांडला. काळे २००८ साली गेले. त्यानंतर बाजार कितीतरी पुढे गेला. आपली कविता मात्र पुष्कळदा जुन्याच प्रतिमांच्या आधाराने विद्रोह करीत राहिली. दुसरीकडे असाही एक उत्साह दिसतो की मोबाइल आला, आता प्रस्थापित संपादकांची गरज उरली नाही, आपला आवाज मोकळा झाला. यात तथ्य आहे. भीमजयंतीची गाणी, वस्तीवरच्या अत्याचाराची चित्रफीत, अभ्यासवर्गातील व्याख्यान हे सारे आज दलालाशिवाय लोकांपर्यंत जाते. पण ज्या भिंतीवर आपण लिहितो ती भिंत कंपनीची आहे, आणि कोणता मजकूर किती लोकांना दाखवायचा हे तिचा नफा ठरवतो. हे विसरून चालणार नाही.

म्हणून चरख्याकडे परत जाण्याची वाट आपल्याला बंद आहे, आणि कंपनीच्या यंत्राची आरती ओवाळण्याचीही नाही. यंत्र हवे, गटारात हवे, रुग्णालयात हवे, शाळेत हवे. ते कोणाच्या मालकीचे आणि त्याचा डोळा कोणावर, हा आपला झगडा आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या नगरपालिकेने पाळतीच्या यंत्रांवर किती खर्च केला आणि गटार साफ करणाऱ्या यंत्रांवर किती, हे माहितीच्या अधिकारात मागवावे आणि ते दोन आकडे वस्तीच्या सभेत शेजारी शेजारी वाचून दाखवावेत. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी झाडूवाल्यांची, घरकामगारांची, ॲपवर राबणाऱ्या मुलांची कथने त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावीत. आणि लेखकांनी त्या घड्याळाखालच्या घामाविषयी लिहावे. आपल्या आत्मकथनांनी बलुत्याचा आणि गावकीचा हिशेब मराठी वाचकापुढे मांडला होता. या नव्या गावकीचा हिशेब मांडायचा राहिला आहे.